लाइटगेब सर दारात थांबले

आज सरांची सही मिळाली नाही, तर माझा प्रबंध वर्षभर लांबणार होता. पण माझे मार्गदर्शक लाइटगेब सर आमच्या ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या प्रयोगशाळेत कधी थांबतच नसत, आणि माझे सहा ईमेल इतरांच्या ईमेलांत वाहून गेले होते.

"पोरी, प्रबंधात काय लिहिलंयस?" तंत्रज्ञ रोझविथाबाईंनी विचारलं.

"रक्तवाहिनीच्या भिंतीवरची साखर संकेताची प्रथिनं धरून ठेवते. ती प्रथिनं रक्तात वाहून गेली, तर पांढऱ्या पेशी तिथे थांबत नाहीत."

"मग तुझ्या निरोपाला साखर कुठाय?"

मी दाराशी अक्रोडाचा केक ठेवला आणि त्यावर सहीच्या विनंतीची चिठ्ठी टोचली. सर थांबले. दोन तुकडे खाऊन त्यांनी सही केली.

पाठोपाठ शेजारच्या विभागाचे तीन प्राध्यापकही येऊन चिकटले. त्यांना हलवायचं कसं, हे प्रबंधात नव्हतं.