तीनशे अंशांची चकती

"जगदेवीबाई, हा आकडा खोडा," पंचाक्षरी सर म्हणाले. "सिरॅमिक तापलं की मजबुतीचा आकडा हळूहळू कमी होतो. मधेच खाली जाऊन परत वर कसा येईल? तुमची भट्टी बिघडली असेल."

जगदेवीबाई लातूरच्या त्या कॉलेजात एकवीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. रोज औशाहून बसनं यायच्या. सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या जिक्रानं काळ्या, नाण्याएवढ्या चकत्या बनवल्या होत्या. हवेतला फक्त प्राणवायू त्या पलीकडे जाऊ देत. पण त्यासाठी त्यांना आठशे अंशांपर्यंत तापवावं लागे. कुठल्या तापमानाला त्या किती दाब सोसतात, हे भट्टीत मोडूनच कळायचं, आणि मोडायचं काम बाईंचं. तीनशेला चकत्या भलत्याच लवकर मोडत होत्या. सहाशेला मात्र पुन्हा तग धरत.

नांदेडच्या परिषदेला निबंध पाठवायला चारच दिवस उरले होते. जिक्रा रडवेली झाली. "मावशी, खोडून टाका ना. सर नाराज झाले तर माझं कसं व्हायचं?"

"पोरी, मोडताना म्या बघितलंय. खोडू कसं?" बाई सरांकडे वळल्या. "सर, भट्टीवर भरवसा न्हाई ना? तापमान मोजायची तार नवी लावते. चकत्या तुमीच निवडा. तुमच्यासमोर मोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर खुर्ची ओढून बसले. तापमानाच्या दर पायरीवर बाई भट्टीला अर्धा तास स्थिर होऊ देत. सरांनी दोनदा घड्याळ दाखवलं, तरी त्यांनी दाबाची कळ आधी दाबली नाही. तीनशेला पहिली चकती टक्कन मोडली. दुसरीही. तिसरी सरांनी स्वतःच्या हातानं बसवली. तीही तेवढ्याच दाबाला गेली. सहाशेला मात्र नव्या तीन चकत्या त्याच दाबाला नेटानं टिकल्या.

सरांनी मोडलेले तुकडे तळहातावर घेऊन बघितले. मग म्हणाले, "जिक्रा, लिही. तापवताना आणि निववताना तीनशेच्या आसपास जपून जायचं. तिथं ही चकती नाजूक असते. खरं कामाचं तर हेच आहे." आणि खाली बघत, "चुकलो मी, बाई."

"चहा सांगू का, सर?" बाई म्हणाल्या.

परिषदेहून जिक्रा छापील निबंध घेऊन धावत आली, पण दारातच घुटमळली. "मावशी, आभारात तुमचं नाव हाय. पन जगदेवीचं जयदेवी छापलंय बघा."

बाईंनी चष्मा लावला. नावापाशी क्षणभर थांबल्या. मग पान उलटून तक्ता काढला आणि ओळीओळीवरून बोट खाली नेलं.

"आकडे नीट हाईत," त्या म्हणाल्या, आणि निबंध मिटून तिच्या हातात दिला.