हलक्या हातानं

“तेल जास्त तापलं,” आई कॉटवरूनच म्हणाली. वाटी तिला दिसत नव्हती. स्वयंपाकाचा ओटा तिच्या डोक्यामागे होता. तिला नुसता वास आला होता.

“तुझ्या नाकात थर्मामीटर बसवेल आहे काय?” आबांनी गॅस बंद केला.

“उन्हात बांधेल बैलासारखा वास येतो त्याले, जास्त तापलं की.”

“बैलाचा वास आवडतो म्हणून तर लगीन केलं माझ्याशी.”

“मले कोणी इचारलं होतं?”

आबा वाटी घेऊन आले आणि कॉटच्या कडेला बसले. वापीजवळच्या टोकरखाड्यातल्या आमच्या घरात हे रोज सकाळी चाले. मोहाच्या बियांचं ते तेल. इथे सगळे त्याला डोळीचं तेल म्हणतात. दुधनीकडच्या वारली बाया बाजारात बाटल्यांतून विकतात. वास उग्र असतो, आणि थंडीत ते तुपासारखं थिजतं. उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, उजवा हात वाचला, जीभही वाचली. आबा म्हणायचे, झटक्यानेसुद्धा तिच्या जिभेच्या वाटेला जायचं टाळलं.

आधी टाचा, मग पोटऱ्या, मग गुडघे. आबा भराभर चोळत वर येत. मग मी आईला कुशीवर वळवून धरायची आणि ते पाठीला तेल लावायचे. पाठीच्या अगदी खाली, माकडहाडावर, काही दिवसांपासून बोराएवढा लाल डाग दिसत होता. तिथे आले की आबा अंगठा टेकवून जोर लावत.

“लाल दिसतं म्हंजे रक्त थिजेल आहे,” ते म्हणायचे. “घासलं की मोकळं होईन.”

त्या डागाला आम्ही तिघंही घाबरत होतो. माझा भाऊ सुमित पुण्याला असतो. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “आबा, तुमचंही वय झालंय. आईला जखम झाली ना, तर मी ऐकणार नाही. इथे एक चांगलं सेवाकेंद्र आहे. नर्स असतात, डॉक्टर येतात. तिला तिथे ठेवू.”

“आणि तुझा बाप?” फोन स्पीकरवर होता, आईने कॉटवरूनच विचारलं.

“आबा येतील ना भेटायला.”

“मी काय पार्सल आहे का रे, तिकडे ठेवायले?”

 सुमितचं काही चुकत नव्हतं. मी वापीला एका प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर घरी नसते. आबा एकटेच असत. ते फोन ठेवून थेट कपाटाकडे गेले आणि तेलाच्या बाटलीत किती उरलंय ते उजेडात धरून पाहू लागले.

चोळणं त्यांना आईनेच शिकवलं होतं.

आबा तापीकाठच्या एका गावातून, शिरपूर तालुक्यातून आले. कापूस वेचून, विहिरीचा दोर ओढून हात तयार झालेले. इथल्या राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात त्यांना मशीनवर काम मिळालं. पॉलिस्टरचा धागा दिसायला एक दिसतो, पण तो केसाहून बारीक तंतूंचा जुडगा असतो. बोटाला एक भेग असली तरी एखादा तंतू तिच्यात अडकतो, ताणतो आणि तुटतो. मग बॉबिनवर लव उभी राहते आणि अख्खी बॉबिन बाद होते. आबांच्या बोटांना भेगाच भेगा होत्या. गुजराती सुपरवायझरने त्यांचा पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “वाल्मिक, आ हाथ छे के कानस?”

कानस म्हणजे लोखंड घासायची पट्टी. सगळे हसले. महिन्याअखेरीपर्यंत हात सुधारले नाहीत तर गेटवर माल उतरवायला जा, असंही तो म्हणाला.

आई तेव्हा नवी नवरी. भाड्याच्या खोलीत तिने आबांचे हात नाकाशी नेले. मशीनचं तेल काढायला सगळे कामगार रॉकेल वापरायचे आणि रॉकेलचा वास घालवायला कपड्यांची पावडर.

“कपड्याची पावडर हाताले लावता?” ती म्हणाली. “मंग दोरीवर वाळतबी घालायचे ना.”

त्या संध्याकाळपासून नेम सुरू झाला. रॉकेल बंद, पावडर बंद. आबा कामावरून आले की उंबऱ्यात बसायचे. आई कोमट पाणी आणि डाळीचं पीठ घ्यायची. कढत पाण्याने कातडं रडतं, असं ती म्हणायची. पिठाने तेल निघालं की पाय घासायच्या वजरीने भेगांच्या कडा घासायच्या. हात पुसायचे नाहीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्याने टिपायचे. ओलसर असतानाच डोळीचं तेल लावायचं. हे तेल तिच्या ओळखीचं होतं. तिच्या माहेरी ते सातपुड्यातून यायचं. इथल्या बाजारात त्याचा वास आला तेव्हा परक्या गावात कोणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटलं, असं ती सांगायची.

आबांचे हात सुधारले. इतके, की काही वर्षांनी त्यांना तपासणीला घेतलं. तिथे चालत्या धाग्याला बोट लावून खोट ओळखायची असते. त्यांच्यासोबत काम करणारा लखन म्हणायचा, “वाल्मिकभाई के हाथ तो दुल्हन के हाथ हैं.” आबा हे घरी येऊन सांगायचे. चिडल्यासारखं दाखवायचे, पण सांगायचे मात्र पुन्हा पुन्हा.

माझं लहानपण त्या उंबऱ्यातच गेलं. वडिलांचे हात आईच्या मांडीवर असतात आणि संध्याकाळी घराला मोहाचा वास येतो, हे सगळ्यांकडे असंच असतं, असं मला वाटायचं. आमच्यावरही तिचे प्रयोग चालत. उन्हातून आलं की ताक, थंडीत आंघोळीआधी तेल, तोंडाला साबणाऐवजी मसुरीचं पीठ, शाळेत जाताना तांब्याभर पाणी पिऊनच बाहेर पडायचं. पुढे मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा एकदा तिला समजावून सांगितलं. त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पावडर त्याच्या उलट, म्हणून तो बिघडतो. रॉकेल त्वचेतला स्निग्धपणा ओढून घेतं. ओलसर अंगावर तेल लावलं की पाणी आत टिकतं.

“म्हंजे बरोबर करत होती ना मी?” तिने विचारलं. मी हो म्हणाले. ती लगेच पदर खोचून शेजारच्या कावेरीमावशींना सांगून आली.

डाग मोठा व्हायला लागला तेव्हा मी नलिनीताईंना बोलावलं. त्या आमच्याच कॉलनीत राहतात. माहेर चिपळूणचं, सारी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली. त्यांनी चष्मा लावला, आईला कुशीवर घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

“इथे कोण चोळतं?”

“मी,” आबा म्हणाले.

“जोरात?”

“जोर लावल्याबिगर मोकळं कसं होईन?”

“वाल्मिकराव, इथलं कातडं हाड आणि गादीच्या मध्ये चेपलंय. आतलं रक्त आधीच कमी पडतंय. वरून रगडलं की आतून फाटतं. बाहेर काही दिसत नाही आणि एक दिवस अचानक उघडतं.” त्यांनी डागावर बोट दाबून उचललं. जागा पांढरी झाली आणि सावकाश पुन्हा लाल झाली. “हे बघा, अजून रंग परत येतोय. वाचवता येईल. दर दोन तासांनी कूस बदला. अंग कोरडं ठेवा, टिपा, पुसू नका. तेल लावायचं तर आजूबाजूला, अगदी हलकं. इथे चोळायचं नाही.”

त्या हे अजिबात दुखवून बोलल्या नाहीत. पण त्या गेल्यावर आबा स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल कोमट केलं, वाटी माझ्या हातात दिली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. कूस बदलायला यायचे, पण चादरीला धरून. आईच्या अंगाला हात लागू द्यायचे नाहीत. जेवण भरवायला चमचा लांबून. असं दोन-तीन दिवस चाललं. घर फार शांत झालं. तेल जास्त तापलं तरी आई काही बोलली नाही.

मग एका सकाळी ती म्हणाली, “केतकी, कंपनीनं तुझ्या बापाले रिटायर केलं, आता त्याच्या हाताले कोणी केलं?”

आबा गॅलरीचा कठडा धरून पाठमोरेच उभे होते.

“अहो. इकडं या.”

आबा दारापर्यंत आले.

“हाताले काय सुतक आलं?”

“माझ्याच हातानं झालं ते, तानू.”

“अन् ते हात घासायले कोणी शिकवेल होतं? मंग माझीबी चूक धरा. आपण दोघं जाऊ पुण्याले, ठेवू द्या पोराले एकाच खोलीत.”

आबा थोडे हसले. आत मात्र आले नाहीत.

“मले एक सांगा,” आई म्हणाली, “मशीन चालू असायचं, धागा पळायचा, तवा तुम्ही कसं पाहायचे?”

“कसं म्हंजे? बोट टेकवून.”

“धरायचे नाही?”

“धरला की तुटतो ना.”

“मंग?”

आबांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग मोरीत गेले. डाळीच्या पिठाने हात धुतल्याचा आवाज मी ऐकला. येऊन त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि दोन बोटांची टोकं तेलात बुडवली. डोळे मिटले, मान जराशी कलती केली. लहानपणी एकदा मी डबा पोचवायला गेले होते, तेव्हा तपासणीच्या खोलीत त्यांना असंच उभं पाहिलं होतं. आजूबाजूला मशीनचा केवढा कल्लोळ, आणि ते बोटाने ऐकत असल्यासारखे. आईच्या पाठीवर त्यांचं बोट तसंच टेकलं आणि डागाच्या कडेकडेने फिरलं. तेलाचा माग दिसला नसता तर बोट लागलं की नाही हेही मला कळलं नसतं.

“हात लावला का?” आईने विचारलं.

“लावला.”

“कळलं नाही मले.”

“मंग बरोबर आहे.”

पुढे दिवसभराची कूस त्यांनी शिफ्टसारखी लावली. सकाळी खिडकीकडे तोंड, दोन तासांनी दाराकडे, आणखी दोन तासांनी पुन्हा खिडकीकडे. पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच हवेत राहील, हे त्यांना नलिनीताईंनी दाखवलं. डागावर बोट टेकवून ते मला कळवत, “आज गरम लागत नाही.” डाग आधी तपकिरी झाला, मग अंगाच्या रंगात मिसळत गेला. दसऱ्याला सुमित आला. त्याने आईची पाठ स्वतः पाहिली, बोट दाबूनही पाहिलं. मग म्हणाला, “आबा, चहा टाकू का?” सेवाकेंद्राचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही.

संध्याकाळचा जुना नेमही परत आला, थोडा बदलून. आबा उंबऱ्याऐवजी कॉटपाशी स्टूल घेऊन बसायचे. आई उजव्या हाताने त्यांच्या पंजाला तेल लावायची. एका हाताला वेळ लागतो. आबा पंजा फिरवून देत.

“आता कोणता धागा तुटणार आहे?” ते एकदा म्हणाले.

“माझी पाठ आहे ना,” आई म्हणाली. “मले कानस नको पाठीवर.”

पौषात ती गेली. दुसरा झटका आला तो सकाळी, चहाच्या आधी. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी फार गारठा होता. बाटलीतलं तेल पांढरं थिजलं होतं.

सुमित पुण्याहून निघाला होता. पुरुष बाहेर गॅलरीत आणि जिन्यावर उभे होते. शेवटच्या आंघोळीसाठी नलिनीताई, कावेरीमावशी आणि मी आत होतो. मधल्या दाराला पडदा लावला होता. पाणी तापलं, हळद आली, डाळीचं पीठ आलं. कावेरीमावशींनी पाण्यात बोट घातलं आणि कढत आहे म्हणून थंड पाणी मिसळलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आईकडून इतकी वर्षं ते ऐकलेलं होतं.

“तेल द्या,” त्या पडद्याबाहेर बघत म्हणाल्या.

जरा वेळ गेला. मग पडद्याच्या कडेने आबांचा हात आत आला. वाटीत तेल पातळ होतं, पण त्याला तापल्याचा वास नव्हता. त्यांनी ते गॅसवर ठेवलं नव्हतं. वाटी दोन्ही तळव्यांत धरून उभे राहिले असणार.

मी आईला कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ होती. कुठे ओरखडा नाही, डाग नाही. नलिनीताईंनी तळव्यावर तेल घेतलं आणि पाठीवर हात ठेवला.

“केतकी,” पडद्यामागून आबांचा आवाज आला, “खाली चोळू नका म्हणा. नुस्तं टेकवा.”

नलिनीताईंचा हात थांबला. त्यांनी तळव्यावरचं तेल वाटीत निथळू दिलं आणि फक्त दोन बोटांची टोकं बुडवली.

“हळूच लावतेय, वाल्मिकराव,” त्या म्हणाल्या.

पडद्याखाली आबांची पावलं दिसत होती. तेल लावून होईपर्यंत ती तिथून हलली नाहीत.