एकची वायर

टेपचं एक टोक बायकोच्या हातात देऊन सुकदेव मास्टर कुंपणाच्या भिंतीकडेने निघाला. जयश्री ते टोक थोरल्या जावेच्या विजेच्या मीटरखाली धरून उभी राहिली.

वायरीसाठीच्या या मोजणीतून सुकदेवला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. सोसायटीच्या मागे त्याने प्लॉट घेतला होता. बांधकाम जोत्याला आलं होतं, आणि यंदा श्रावणातल्या रविवारी खानदेशची देवी कानबाई तिथेच बसवायची, असं त्याने भाऊबंदांत जाहीर केलं होतं. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्यांच्या भाऊबंदांत ज्याच्या दारी कानबाई बसते, त्याला लग्न जमवताना आधी विचारतात आणि भांडण मिटवताना मधे बसवतात. कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात मास्टर होऊन हे मिळत नाही. म्हणजे एका वायरीच्या मोलात थोरलेपणा येत होता. सौदा वाईट नव्हता.

हा थोरलेपणा आजवर धुरपदाबाईकडे होता. तिचा नवरा राघो, सुकदेवचा मोठा भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी हर्षदा बारडोलीला दिलेली. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषामागे सव्वा माप घ्यायचे. बाईच्या नावाचं माप नसतं. राघो गेल्यापासून धुरपदाबाईच्या घरचं माप शून्य होतं. तरी दर श्रावणात कानबाई तिच्या पुढच्या खोलीत बसायची, म्हणून ती यजमानीण. कानबाई प्लॉटवर गेली की ती रोटाला बोलावलेली एक म्हातारी तेवढी उरणार होती. हे तिलाही कळत होतं आणि सुकदेवलाही. त्यामुळे दोघं त्यावर बोलत नव्हते.

प्लॉटला अजून मीटर आलं नव्हतं. लाइन मागायला सुकदेव वहिनीकडेच गेला. ती नाही म्हणेल या तयारीने त्याने दोन-तीन उत्तरं जमवून ठेवली होती. ती खर्चच झाली नाहीत.

"ले ना," ती म्हणाली. "मना मीटरले काय व्हस?"

अंतर ऐंशी मीटर भरलं. वायरमन ललितने आकडा ऐकला आणि चारची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर जाडीची वायर घ्या म्हणून सांगितलं, फार तर अडीचची. लांबच्या पल्ल्याला बारीक वायर लावली की वीज वाटेतच खर्ची पडते, टोकाला पोचते ती उरलीसुरली, हे त्याने समजावलं. सुकदेवला ते दुकानदाराचं बोलणं वाटलं. एका दिवसाचा उत्सव, त्याला चारची कशाला?

"एकची चाली जाई," तो म्हणाला.

"चालेल मास्टर, पण लोड सांगा आधी. काय काय लावणार?"

सुकदेव हिशेबाला पक्का. त्याने एकेका भाऊबंदाला फोन केला. भटू साउंड बॉक्स आणणार होता. एकाने तोरणांचं कबूल केलं, एकाने हॅलोजनचं, एकाने मोठ्या पंख्याचं. घरातल्या प्रत्येक पुरुषाला विचारून झालं. रोटाचं माप धरायची हीच रीत होती; तीच त्याने विजेला लावली आणि त्यात काही चुकतंय असं त्याला वाटायचं कारण नव्हतं. बेरीज ऐकून ललित म्हणाला, एवढंच असेल तर एकची ओढून नेईल.

मीटरवर वायर जोडताना ललितची नजर धुरपदाबाईच्या स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात घरघंटी होती, घरच्या दळणाची छोटी गिरणी.

"काकू, रोटाचं दळण तिकडेच ना? घंटी तिकडे न्यायची का?"

धुरपदाबाई लसूण सोलत होती. तिने सोललेली पाकळी वाटीत टाकली, दुसरी उचलली.

"तो मास्टर शे. त्याले माहित व्हई."

ललितने स्क्रू आवळला.

रविवारी सकाळी मांडव दिसायला झकास होता. तोरणं लागली, पंखा फिरला, भटूच्या बॉक्सवर कानबाईची गाणी सुरू झाली. सुकदेव नव्या पांढऱ्या टोपीत पाहुण्यांना खुर्च्या देत होता. चौरंगावर कानबाईची मांडामांड झाली. या घरचा नेम असा की रोटाचं पीठ कानबाईसमोर दळायचं, आणि घंटी हलली की मगच स्थापना. चौघांनी घरघंटी उचलून आणली. जयश्रीने गहू भरले, बटण दाबलं.

घंटी नुसती घुमली. आतलं पातं जागचं हललं नाही. तोरणं मलूल झाली आणि बॉक्सवर गाणाऱ्या बाईचा आवाज गाता गाता बसला.

बॉक्स बंद केला, पंखा बंद केला, तोरणं काढली. घंटी घुमतच राहिली. ललितने टेस्टर लावून पाहिला आणि सुकदेवकडे न बघता म्हणाला, "मोटरला सुरू व्हायला ओढ लागते, मास्टर. एवढ्या वायरीतून नाही यायची. तुम्ही घंटी धरली नव्हती."

"मला कोणी बोललंच नाही."

"तुम्ही विचारलं कुणाला?" जयश्री म्हणाली. आवाज हळू होता, पण बॉक्स बंद असल्याने सगळ्यांना ऐकू गेला.

जाड वायरीचं दुकान रविवारी बंद. शेजारच्या प्लॉटांवर मीटर नव्हती. कोणी चक्कीवरून दळून आणायचं सुचवलं, त्याच्याकडे बायकांनी असं पाहिलं की तो चहा प्यायला गेला. धुरपदाबाई पुढच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. शब्द काढावा लागला तो सुकदेवला.

"वहिनी, तुमच्याकडेच बसवू."

"पाय दुखतस मना," ती उठता उठता म्हणाली. "पण चला."

तिच्या स्वयंपाकघरात घंटी पहिल्याच दाबाला फिरली. कानबाई पुढच्या खोलीत बसली, नेहमीच्या भिंतीशी. पंगत मात्र मांडवात झाली. तेवढी वीज त्या वायरीतून येत होती.

सोमवारी विसर्जन करून परतताना सुकदेव म्हणाला की पुढच्या वर्षी त्याचं स्वतःचं मीटर असेल.

"येऊ दे," धुरपदाबाई म्हणाली. मग तिने त्याला रोटाचा शेवटचा तुकडा दिला. रोट घरात उरू द्यायचा नसतो.

आता कोणी काय भरलं ते. वायर सुकदेवची; ती गुंडाळून त्याने माळ्यावर टाकली. विजेचं बिल आलं तेव्हा नेहमीपेक्षा जास्त होतं. मांडवातलं सगळं त्यात होतं आणि जे मांडवापर्यंत पोचलंच नाही तेही. सुकदेव निम्मे पैसे घेऊन आला. धुरपदाबाईने त्याला चहा दिला, पैसे परत त्याच्या खिशात घातले. पाहुण्यांकडून कोणी असं घेतं का, म्हणाली. दुसऱ्या दिवशी बिल भरायच्या खिडकीवर रांग होती. ती उभी राहिली आणि सगळं तिनेच भरलं.