नीलाबाईच्या पोटरीवरचा जाळ

धर्माबादच्या मिरचीबाजारामागच्या मैदानात त्या संध्याकाळी एवढी गर्दी होती, की ठसका लागला तरी वाकायला जागा नव्हती. मधोमध पाटावर चटकामहाराज बसलेले. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. निदान त्यात तरी खोटेपणा नव्हता. समोर ऊद धुमसत होता आणि चार बाया पोटऱ्या उघड्या टाकून रांगेत बसल्या होत्या. शेवटची माझी नीलाबाई मावशी.

तिच्या शेजारच्या चंद्रप्पाच्या सुनेचं पोटातलं मूल गेलं होतं. करणी कुणी केली ते महाराज हुडकणार होते. जिच्या पायाला आग लागेल, ती. तिला लगेच गावाबाहेर काढायचं हे आधीच ठरलेलं. मावशीला ना नवरा ना लेक, मिरचीची देठं खुडून पोट भरणारी बाई. ती जाणार कुठे? शेजारच्या साबेराआपाचा फोन आला तशी मी नांदेडहून धावत निघाले. पोलिसांना कळवलं होतं, पण गाडी अजून आली नव्हती.

"देवीआईचा हात हाय ह्यो!" महाराज गरजले. "पुण्यवंताला चंदन, पाप्याला चंदनाचं सरण!"

यमकं जुळवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पहिल्या तिघींच्या पोटरीला त्यांनी उजव्या बोटाने समईतलं तेल लावलं. मावशीपाशी आल्यावर हात बदलला. डाव्या अंगठ्याला हळदीची चिंधी गुंडाळलेली होती. ती तेलात बुडवून त्यांनी मावशीच्या पोटरीला मागच्या बाजूने खसाखसा घासली. मग मंत्र सुरू झाला, तो काही केल्या संपेना.

संपत आला तशी मावशी किंचाळली. "आग! आग होऊन राहिली गं!"

"पाणी घाला!"

कळशी ओतली. मावशी जास्तच तडफडू लागली.

"बघा! पाप पाण्यालाबी इझत न्हाई!"

गर्दी मागे सरकली, मी पुढे धावले. एकाने दगड उचलला. मावशीने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "दर्शने, खरंच माझ्यात काही हाय का गं? मला म्हाईतच न्हाई."

त्या दगडापेक्षा मला या प्रश्नाची धास्ती वाटली.

मी खाली बसले. लाल चट्टा बरोबर चिंधीएवढा रुंद होता. त्यावर बोट फिरवून मी ओठाला लावलं. ओठ चरचरू लागला. हा जाळ माझ्या ओळखीचा होता. नांदेडला मी संशोधन करते ते पायाच्या एका नसेवर. पोटरीमागून घोट्याच्या बाहेरून करंगळीपर्यंत जाणारी ही नस पाय हलवत नाही, फक्त कातडीची खबर मेंदूकडे नेते. दुखण्याचा निरोप कसा जातो ते बघायला आम्ही राजीखुशीने आलेल्या माणसांच्या पायाला मिरचीचा अर्क लावतो. चटका बसल्याची खबर जी टोकं देतात, त्यांनाच मिरची जागं करते. आग नसतेच, पण खबर आगीची जाते.

"साबेराआपा, गोडेतेल आणा!"

आपा धावल्या. तेल चोळलं, कोरड्या फडक्याने पुसलं, पुन्हा चोळलं. मावशीचा श्वास हळूहळू खाली बसला. मिरचीचा जाळ तेलात उतरतो, पाण्यात नाही. इथली प्रत्येक बाई काम संपल्यावर हाताला तेल चोळते ते त्यासाठीच. पण हातावर जळलं तर मिरची आणि पायावर जळलं तर करणी, असं अख्खं गाव धरून चाललेलं!

"महाराज," मी उठून म्हणाले, "तीच चिंधी स्वतःच्या पायाला लावा."

"कोप होईल!"

"माझ्या पायाला लाव," चंद्रप्पा पुढे आला. "म्या कुणाचं वाईट केलं न्हाई."

मी चिंधी ओढून घेतली आणि त्याच्या पोटरीवर घासली. सगळे बघत राहिले. काहीच होईना. महाराज हसू लागले. दगडवाल्याने दगड हातात तोलला. मी हात वर केला.

"थांबा. अर्क कातडीत उतरायला वेळ लागतो. मंत्र उगाच लांबत नव्हता."

चंद्रप्पाने पाय झटकला. मग पुन्हा. मग तो मटकन खाली बसला. "आयो! जळून राहिलं की!"

महाराज उठून निघाले, तर गर्दीतल्या गफूरभाईंनी वाट अडवली आणि त्यांचा डावा हात वर धरला. अंगठ्याला प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने करकचून बांधली होती. आईच्या हाताला मिरची झोंबायची भीती! थोड्याच वेळात पोलिसांची गाडी आली.

"मग माझा नातू कुणी नेला?" चंद्रप्पा रडत होता.

"कुणीच नाही, काका. सुनेला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. कारण तिथं शोधायचं."

कुणी न सांगता मावशी उठली. तेलाची वाटी घेऊन चंद्रप्पापुढे बसली आणि त्याच्या पोटरीला तेल चोळू लागली. त्याने मान खाली घातली. ती एवढंच म्हणाली, "पाणी नका लावू."

मावशीच्या पायाने दिलेली खबर खरी होती, तिला जळतच होतं. त्या जळण्याचा अर्थ मात्र दुसऱ्याने सांगितला, आणि आपण तो ऐकला. म्हणून विनंती आहे. तुमच्या गावात कुणाच्या अंगाची अशी आग झाली, तर आधी विचारा, काय लावलं आणि कुणी लावलं? उत्तर मिळेपर्यंत हातातला दगड खाली ठेवा.