शांत मुलांची गल्ली

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या त्या गल्लीत सकाळी जेवढा कल्ला असतो तेवढा आठवडी बाजारातही नसेल. पाणी जायच्या आत हंडे भरायचे, डबे करायचे, नवऱ्याला उठवायचं नाहीतर झोपवायचं, कारण अर्ध्या घरांत रात्रपाळी. नऊच्या सुमाराला मात्र सगळं एकदम थंड होतं. बायका शेअर रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्पकडे निघून जातात, जीन्सच्या कारखान्यांत धागे कापायला. त्यांची लहान मुलं राहतात कौसाबाईंकडे.

कौसाबाईंचं घर गल्लीच्या टोकाला. एका खोलीत पाच पोरं, सगळी तीन वर्षांच्या आतली, तरी त्या घरातून दिवसभरात रडण्याचा आवाज म्हणून यायचा नाही. नव्याने राहायला आलेल्या बाईला शेजारणी कौतुकाने सांगायच्या, "मावशीचा हातच तसा हाय. पोरगं मांडीवर घेतलं का गप." आता पाच पोरांना नुसत्या हाताने गप करणारी बाई जगात असेल तर तिचा सत्कारच करायला हवा. पण आमच्या लोकांना चमत्कार आवडतो, चौकशी आवडत नाही. आणि जी चौकशी केली तर उद्या कामावर जाता येणार नाही, ती तर मुळीच नाही.

खरं काय ते प्रत्येकीला माहीत होतं. कौसाबाई तरुणपणी बांधकामावर विटा वाहायच्या तेव्हा त्यांच्या सासूने अफूची गोळी उगाळून तान्ह्याच्या जिभेला लावायला शिकवलं होतं. पुढे अफू गेली, सर्दीचं औषध आलं. मुलं दुपारी वरणभात खायची, औषध प्यायची आणि संध्याकाळपर्यंत निजायची. आयांनी कधी विचारलं नाही, कौसाबाईंनी कधी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. त्या मुठीत इथे पाच मुलं होती.

नूतनची सोनिया त्यांतलीच एक, दोन वर्षांची. अंगणवाडी खरं तर गल्लीच्या तोंडाशीच, पण तिथे मूल बसतं ते तीन वर्षांचं झाल्यावर, आणि दुपारी दाराला कुलूप लागतं. नूतन घरी यायची दिवेलागणीला. गल्लीतल्या बायकांनी दोनदा निवेदन दिलं होतं, आमच्या बारक्या मुलांसाठी संध्याकाळपर्यंत चालणारं पाळणाघर द्या म्हणून. जागा उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. नवीन इमारतींच्या जाहिरातींनी अंबरनाथचा एकही खांब मोकळा राहिलेला नाही, पण दहा पाळण्यांना जागा नाही.

महिन्याच्या वजनाला नूतनने सोनियाला अंगणवाडीत नेलं, तेव्हा ती काट्यावर डोळे अर्धे मिटून बसली. वजन मागच्या वेळेइतकंच भरलं. सेविका जिज्ञासाताईंना मोबाईलमध्ये माहिती भरायची होती आणि नेटवर्क जात-येत होतं.

"गुणी आहे गं पोर. बाकीची काटा डोक्यावर घेतात," मोबाईल खिडकीकडे धरून ताई म्हणाल्या.

"पहिल्यापासून शांतच आहे," नूतन म्हणाली. सोनियाच्या वयाची मुलं दोन-दोन शब्द जोडायला लागली होती. सोनिया अजून कुणाला हाकही मारत नव्हती. नूतनच्या मनात ते आलं, पण मुलीला गुणी म्हटल्याचं बरंही वाटलं.

मग तो मंगळवार उजाडला. सोनियाला दोन दिवस सर्दी होती, रात्रभर ती रडली होती. नूतनचा नवरा सुयोग कंपनीतली रात्रपाळी करून आला होता आणि डोक्यावर उशी दाबून पडला होता.

"तिला गप कर ना यार. मला झोपू दे."

"आज सुट्टी घेऊ का? अंग पण गरम वाटतंय."

"मागच्या आठवड्यात घेतली ना? तुझा सेठ उद्या दुसरी ठेवेल. ती बाटली आहे ना, थोडं पाज. सर्दीचंच आहे."

नूतन घुटमळली. कौसाबाईंचा एक नियम होता, रडणारं मूल त्या दारातून परत पाठवायच्या. एक रडलं की बाकीची चार उठतात, त्यांचंही चुकीचं नव्हतं. नूतनने झाकण भरलं, सोनियाला पाजलं, आणि गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत पोरगी खांद्यावर मान टाकून गप झाली होती.

"बरी हाय ना?" कौसाबाईंनी विचारलं.

"बरी आहे, मावशी. रात्री झोपली नाही एवढंच."

औषध दिलंय, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर, तुम्हीही दुपारी देता ते देऊ नका, असंही सांगावं लागलं असतं. आणि जी गोष्ट कुणी कधी बोललंच नव्हतं, ती रिक्षा निघायच्या घाईत दारात उभं राहून बोलायची कशी? नूतन निघाली. दुपारी कौसाबाईंनी किरकिरणाऱ्या सोनियाला दोन घास भरवले आणि रोजच्यासारखं औषध पाजलं. आज सर्दी दिसली म्हणून जरा सढळ हाताने पाजलं. माया होती ना.

चार वाजता बाकीची मुलं चुळबुळायला लागली. सोनिया हलली नाही. कौसाबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला, मीठमिरचीने दृष्ट काढली. सगळं करून झाल्यावर त्यांनी नूतनला फोन लावला.

"पोरी, ये लवकर. सोनी उठत नाय."

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने सोनियाच्या पापण्या उचलून पाहिल्या, छातीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय पाजलंय हिला?"

"काय नाय, बाई. वरणभात," कौसाबाई म्हणाल्या.

"घरी काही दिलं होतं?"

नूतनने मान हलवली. नाही.

"श्वास फार मंद आहे. मला कळलं नाही तर मी अंदाजाने उपचार करणार. नीट आठवा."

आठवायचं कशाला, दोघींच्या जिभेवरच होतं. नूतनच्या डोळ्यांसमोर सासर आलं, माहेर आलं, गल्लीतली तोंडं आली. मग तिने सोनियाच्या ओठांकडे पाहिलं. ते जांभळट दिसत होते.

"मी दिलं," ती म्हणाली. "सर्दीचं औषध. सकाळी, झाकण भरून." आणि कौसाबाईंचा दंड धरून म्हणाली, "मावशी, आता तुम्ही सांगा. तुम्ही पण दिलंत ना? रोज देता ना? सांगा, माझी पोरगी जाईल."

"दिलं," कौसाबाई म्हणाल्या. "पण तू दिलंयस हे मला कुठं ठाऊक होतं गं?"

त्या दोन वाक्यांनी सोनिया वाचली. ऑक्सिजन, सलाईन, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि जी रडायला लागली ती थांबेचना. नूतन तिला घट्ट धरून स्वतःही रडत राहिली. पुढे बोलेल का, नीट वाढेल का, या प्रश्नावर डॉक्टरीणबाईंनी, "बघू, दर महिन्याला आणा," एवढंच सांगितलं.

दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं होतं. रविवारी दुपारी हवालदार गल्लीत आला तेव्हा कौसाबाईंच्या दारात सगळी गल्ली जमली होती. पाच दिवसांपूर्वीपर्यंत ज्या बाईच्या हाताचे गोडवे गायले जात होते, ती आता चेटकीण झाली होती. सर्वांत मोठा आवाज होता गोदूचा. तिचा दीड वर्षांचा बाळाही कौसाबाईंकडेच असायचा. हे प्रकरण झाल्यापासून तिची सासू त्याला घरी सांभाळत होती.

"आमच्या पोरांना विष घालत होती ही म्हातारी! आम्ही काय समजणार साहेब, आम्ही विश्वासाने ठेवलेली पोरं. हिला आतच टाका."

सुयोगने नूतनला घराच्या कोपऱ्यात घेतलं. "ऐक. तू काय बोलू नको. दवाखान्यात घाबरून बोलले म्हणून सांग. म्हातारीवर जाऊ दे सगळं."

"बाटली कोणी आणली होती, सुयोग? पाज म्हणून कोण बोललं?"

नूतनने सोनियाला कडेवर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेली. कौसाबाई उंबऱ्यावर डोकं धरून बसल्या होत्या.

"साहेब, आधी माझं नाव लिहा. सकाळचं औषध मी पाजलं," नूतन म्हणाली. "मावशी रोज पाजतात हे मला माहीत होतं. इथे सगळ्यांना माहीत होतं."

"ए, सगळ्यांना काय!" गोदू ओरडली. "आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालू नको!"

नूतन उत्तर देणार होती. पण तिचं लक्ष गोदूच्या खांद्याकडे गेलं. बाळा तिथे मान टाकून निजला होता. भर दुपारी, तीस-चाळीस माणसांच्या आरडाओरड्यात, आई त्याच्या कानापाशी किंचाळत असताना.

"गोदू," नूतन हळूच म्हणाली, "त्याला उठव जरा."

गोदूने खांदा हलवला. मग गाल थोपटला. "बाळा... ए बाळा." मुलाची मान या बाजूची त्या बाजूला पडली. मागून गोदूची सासू पुटपुटली, "थोडंसंच दिलेलं. लई रडत होता."

हवालदाराने कागद खिशात कोंबला, बाळाला उचललं आणि रिक्षाकडे पळाला. गोदू अनवाणी त्याच्यामागे पळाली. बाळाही वाचला. त्याच्या वेळी डॉक्टरीणबाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

कौसाबाईंवर आणि नूतनवर, दोघींवर गुन्हा दाखल झाला. कायद्याचं बरोबरच आहे, मूल मरता मरता वाचलं. पण जागा नाही असं दोनदा लिहून पाठवणाऱ्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही. आणि कारखान्यातले सेठ, या बायकांची पोरं दिवसभर कुठे असतात, हे कधी न विचारणारे? आणि आपण? शांत मूल म्हणजे चांगलं मूल, हे आपणच पिढ्यान्पिढ्या शिकवत आलो.

नूतनचं काम गेलं. ती आणि गोदू आळीपाळीने मुलं सांभाळतात. कौसाबाई भात करून देतात, पण मुलांना हात लावायला धजत नाहीत. सोमवारी बायका तिसरं निवेदन घेऊन जाणार आहेत. जिज्ञासाताईंनी आधी, "मला वरून बोलणी बसतील," म्हटलं, मग, "मीही येते," म्हणाल्या.

या वेळी मुलांना बरोबर न्यायचं ठरलंय. सगळ्यांना, आणि जागी. साहेबांच्या केबिनबाहेर ती भुकेजतील, कंटाळतील, एकाचं बघून दुसरं रडेल. कामात व्यत्यय येतोय, मुलांना गप करा, असं कुणीतरी म्हणेलच.

नूतनने सगळ्या आयांना आत्ताच बजावून ठेवलंय, कोणीही गप करायचं नाही.