पाटीवरचा राजनिष्ठ

मी एक शब्द बोलतोय. राजनिष्ठ. हसलात ना? हसा. रायपुरात तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका घराच्या पितळी पाटीवर मी जन्म काढला, आणि तेवढ्यात माझे इतके अर्थ झाले की मलाच माझी ओळख पटेनाशी झाली.

जन्म मात्र माझा मानाचा. या घराचे मूळपुरुष वासुदेवराव इथं नागपूरकर भोसल्यांचे कारकून होते. राज्य खालसा झालं, इंग्रज आला. ‘काम तेच, धनी फक्त नवा,’ असं त्यांना सांगण्यात आलं. वासुदेवरावांनी लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. घरात उपास पडले, तरी गडी हलला नाही. मग शेजाऱ्यांनीच गोल बाजारातून पाटी करून आणली आणि त्यांच्या नावाखाली मला कोरलं. तेव्हा माझा अर्थ एवढाच होता, की हा माणूस विकत मिळत नाही.

त्यांचा मुलगा पुढे इंग्रजांच्याच कचेरीत लागला. एकदा गोऱ्या साहेबानं दारात थांबून माझा अर्थ विचारला आणि स्वारी खूश झाली. त्याला वाटलं, ही निष्ठा आपल्याच राणीवर! मुलानं चूक सुधारली नाही. उलट मला चिंच लावून लख्ख घासलं. बढती मिळाली.

मग स्वराज्याच्या चळवळीचे दिवस आले. येणारे-जाणारे मला शेण फासू लागले. राजनिष्ठ म्हणजे साहेबाचा कुत्रा! अपमान गिळत मी माळ्यावर जाऊन पडलो.

तिथून मला खाली आणलं ते दिवाकररावांनी. वासुदेवरावांचे हे खापरपणतू रेल्वेतून निवृत्त झालेले. घरातली खरी हकीकत त्यांना ठाऊक होती. आपल्या पूर्वजाचं नाव कुणाला खाली मान घालून घ्यावं लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मंत्रालयात अधिकारी असलेल्या त्यांच्या मुलानं, निरंजननं, मला नव्या रायपुरला आपल्या केबिनमध्ये लावायला मागितलं, तेव्हा म्हातारा हरखून गेला.

एका दुपारी दिवाकरराव मुलाच्या केबिनमध्ये बसले होते. सरकार नुकतंच बदललं होतं. नवे साहेब आत आले, तसा निरंजन ताडकन उठून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, “सर, हमारा खानदान पीढ़ियों से राजनिष्ठ है. जो राजा, उसके हम!”

जुन्या साहेबांनाही त्यानं हेच ऐकवलं होतं. उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय!

साहेब गेल्यावर दिवाकरराव उठले. “काय बोलून राहिला तू? पाटीवरच्या त्या मानसानं नोकरीवर लात मारली होती!”

“बाबा, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले? अर्थ कोन पाहते आता? सरकार कोनतंही येवो, हा शब्द चालते.”

“तुले चालते. मले नाही चालत.” त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं.

आता मी गोल बाजारात, दयाराम कारागिराच्या मांडीवर आहे. त्याच्या हातात कानस आहे.

“पूरा मिटा दूँ, बबा?” आजोबांना हाक मारावी तसं तो दिवाकररावांना विचारतो.

“नहीं. नाम रहने दे. सिर्फ नीचे का शब्द घिस.”

“हव,” म्हणत दयाराम मान डोलावतो.

दिवाकरराव तोंड फिरवून उभे आहेत. मला त्यांचा राग नाही. राग आहे तो मला घासूनपुसून दारोदार विकणाऱ्यांचा.

दयारामनं शेवटाकडून सुरुवात केली. ‘निष्ठ’ गेलं. आता नुसता ‘राज’ उरलोय. दयाराम, हात थांबवू नको रे बाबा. तेवढाही घास. वासुदेवरावांच्या नावाखाली नुसतं राज शोभायचं नाही.