उपासाला चालणारं मॅकरॉन

"हे बटण आहे की खायचं आहे?" दुर्गाकाकूंनी खोक्यातलं गुलाबी मॅकरॉन चिमटीत धरून विचारलं.

"खायचंय," मुलगा आनंद मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. "नयनानं वासणा रोडवरच्या तिच्या नव्या दुकानातून आणलंय. उद्या उद्घाटन. त्याआधी घरच्यांनी चव सांगायची."

"आज संकष्टी आहे माझी. कशाचं असतं?"

"बदामाचं पीठ अन् साखर."

काकूंचा चेहरा उजळला. मैदा नाही, रवा नाही. म्हणजे उपासाला चालतं! लग्नापासूनच्या सगळ्या संकष्ट्या त्यांनी याच नियमावर निभावल्या होत्या, आणि याच नियमाच्या आधारानं त्या दिवशी इतका साबुदाणा, बटाटा आणि रताळं पोटात जाई, की एरवीचे दिवस उपासासारखे वाटत. समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत संकष्टीला संध्याकाळी बायका अथर्वशीर्षाची आवर्तनं करत. पुढे बसून, हातानं लय धरत ती सांगत काकूच. रेल्वेतल्या नवऱ्यामागे गावोगाव बिऱ्हाड हलवून त्या बडोद्याला आल्या, मग नवराही गेला. हक्काची म्हणावी अशी ती एवढीच जागा उरली होती.

एक मॅकरॉन त्यांनी आधी गणपतीपुढे ठेवलं. मग स्वतः बसल्या.

"गुलाबाचं लग्नातल्या अत्तरासारखं लागतंय. पिस्त्याचं झकास. वरून पापुद्रा, आत लुसलुशीत." कॉफीचं खाताना त्यांनी डोळे मिटले. चौथं तोंडात टाकलं आणि त्या एकदम थांबल्या. "आनंद! यात मीठ आहे रे! साधं की सैंधव?"

आनंदला मिठाचे प्रकार असतात हेच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात सून नयना केस पुसत बाहेर आली.

"सैंधवच आहे, आई, पण…"

"मग बस ने!" म्हणत काकूंनी घास गिळला.

नयना पुढे काही बोलणार, तोच शेजारच्या स्नेहलता आल्या. "चला ने, दुर्गाताई, सगळ्या खाली जमल्यात. आ शुं छे?"

"घे, घे. उपासाला चालतं."

स्नेहलतांनी मॅकरॉन दातांपर्यंत नेलं. "नयना, अंडं तर नाही ना? असल्या फॅन्सी वस्तूंचा भरवसा नाही हं."

नयनानं सासूकडे पाहिलं. "असतं. त्यातलं पांढरं."

आनंदची मान मोबाइलमधून वर आली.

स्नेहलतांनी मॅकरॉन खोक्यात असं टाकलं, जणू त्याला पाय फुटले होते. "अरेरे! संकष्टीला सासूला अंडं चारलंस? फसवलंस ने म्हातारीला! सोसायटीत कळलं तर कोण चढेल तुझ्या दुकानाची पायरी?"

नयनानं खोकं आपल्याकडे ओढलं. काकूंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. गणपतीपुढेही एक होतंच, पण तो काही बोलायच्या बेतात दिसला नाही. शाळेत असताना मित्राच्या डब्यातलं ऑम्लेट खाल्लं म्हणून याच घरात आनंदला गंगाजलानं चुळा भरायला लावलं होतं. 'मला ठाऊक नव्हतं' एवढं म्हटलं तरी पुरे होतं. ते खरंही होतं.

"फसवलं कसलं?" काकू म्हणाल्या. "मला सांगूनच दिलं तिनं."

"आणि तरी तुम्ही खाल्लंत?"

काकूंनी खोक्यातलं पिवळं उचललं आणि चावलं. चावताना त्यांचे डोळे आपोआप मिटले. या वेळी चवीमुळे नाही.

"लिंबाचं जरा आंबट झालंय, नयना. साखर वाढव."

स्नेहलता जिना उतरून गेल्या. काकूंना कुणी बोलवायला आलं नाही.

थोड्या वेळानं खालून माइकची खरखर ऐकू आली. मग स्नेहलतांचा आवाज.

"आई, असं का सांगितलंत?" नयनानं विचारलं.

"पंखा लाव जरा."

खाली आवर्तनं सुसाट सुटली होती. बायका मध्येच श्वास घेत होत्या, शब्द खात होत्या. काकू गॅलरीत खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा उजवा हात कठड्याच्या आड वर-खाली होत होता. हळू. हळू. खालून तो कुणाला दिसत नव्हता.